रेशीमकिड्यांच्या रॅकांतील ऊब आणि हवा : भोर-वेल्हे भागाकरितां कांहीं विचार

भोर व वेल्हे या तालुक्यांतील जे शेतकरी भाताच्या जोडीस तुतीची लागवड करून रेशीमकिडे पाळीत असतील, अथवा पाळण्याचें मनांत आणीत असतील, त्यांच्याकरितां हा लेख लिहीत आहों. तुतीची लागवड, खत, पाणी व छाटणी यांविषयीं माहिती आतां पुष्कळ ठिकाणीं मिळते. महाराष्ट्रांत १९९७ सालीं रेशीम संचालनालय हें स्वतंत्र खातेंच स्थापन झालें. कोशांच्या विक्रीसाठीं पूर्वीं कर्नाटकांतील रामनगरची वाट धरावी लागे. २०१८ सालीं जालना येथें कोशांची बाजारपेठ उघडल्यापासून तीहि अडचण कांहींशी कमी झाली आहे. परंतु ज्या एका बाबींत नवीन माणसाचें पीक हटकून बुडतें ती बाब म्हणजे कीटकगृहांतील ऊब व खेळती हवा ही होय. आणि तिच्याविषयीं जें सांगितलें जातें तें बहुधा सपाट, कोरड्या मुलुखास लागू पडणारें असतें. आमचा मुलूख तसा नाहीं. एकाच भोर तालुक्यांत पूर्वेस नसरापूर-कापूरहोळकडे वैशाखांत पत्रे हात लावूं देत नाहींत, तर पश्चिमेस वरंधा घाटाच्या बाजूला आषाढांत आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. वेल्हे तालुक्याची (२०२४ सालीं त्यास राजगड हें नांव मिळालें, पण जुनें नांव तोंडांतून लवकर जात नाहीं) तोरण्यापलीकडची बाजू तर धुकें व पाऊस यांचेंच घर आहे. तेव्हां एकच कृति दोहों ठिकाणीं चालेल अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

प्रथम नुकसान कसें होतें तें पाहूं. अंड्यांतून बाहेर पडल्यापासून कोश विणूं लागेपर्यंत अळीस सुमारें चोवीस ते अठ्ठावीस दिवस लागतात. या अवधींत ती चार वेळां कात टाकते व तिच्या आयुष्याच्या पांच अवस्था होतात. तिचें वजन सुमारें दहा हजार पटींनीं वाढतें, आणि एकंदर पाल्यापैकीं चार-पंचमांशांहून अधिक पाला ती शेवटच्या सात-आठ दिवसांत खाते. म्हणजे पांचव्या दिवशीं अळ्या मेल्या तर अंड्यांचे पैसे व थोडी मेहनत गेली; बाविसाव्या दिवशीं मेल्या तर तुतीचा सारा पाला, मजुरी, घरांतील बायकामाणसांची रात्रीची जागरणें आणि हंगाम, सर्वच गेलें. दुर्दैव असें कीं, त्या बहुधा बाविसाव्या दिवशींच मरतात. रोगाचें बीज कांहीं एकाएकीं त्या दिवशीं आलेलें नसतें. पण घरांतील हवा बिघडलेली त्याच दिवसांत असते, आणि दुबळी अळी तेवढ्यानें ढासळते.

असें कां व्हावें हें समजण्यास एक गोष्ट ध्यानीं धरिली पाहिजे. गाईला किंवा कोंबडीला स्वतःच्या अंगाची ऊब असते. रेशमाच्या अळीला ती नसते. बाहेरची हवा जितकी उष्ण, जवळजवळ तितकेंच तिचें अंग उष्ण. या बाबतींत ती आपल्या खाचरांतील बेडकाची सोबतीण आहे. परंतु बेडूक मोकळा आहे. ऊन चढलें कीं तो बांधाच्या सांदींत शिरतो, अंग सुकूं लागलें कीं पाण्यांत उडी मारतो, गारठा पडला कीं मातीखालीं जाऊन बसतो. आपल्या अंगास मानवेल ती जागा तो दिवसांतून दहा वेळां निवडतो. परदेशांत बेडूक पाळण्याचे शौकीन लोक आहेत. ते प्लॅस्टिकचे डबे रॅकांवर एकावर एक रचून त्यांत बेडूक ठेवितात, आणि त्यांनाहि हीच अडचण पडते : डब्यांतील बेडकाला जागा बदलतां येत नाहीं, वरच्या फळीवरचा भाजून निघतो, खालच्या फळीवरचा गारठतो, आणि झांकण घट्ट बसविलेल्या डब्यांतला गुदमरतो. (आपल्याकडे बेडकाची जागा खाचरांतच बरी, तो किडे खातो म्हणून शेतकऱ्यानें त्यास दुवाच द्यावा. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारनें १९८७ सालीं बंद केली तीहि याच विचारानें.) अळीची गोष्ट त्याहून कठीण आहे. हजारों वर्षें माणसाच्या घरीं पोसली गेल्यामुळें ती पाल्याच्या शोधार्थ हातभरहि दूर जात नाहीं. जेथें ठेवाल तेथेंच राहते, आणि तेथेंच मरते. तिच्यासाठीं जागा निवडण्याचें काम पाळणाऱ्याचें आहे.

आतां तिला मानवतें काय तें सांगतों. या लेखांत सर्व अंश सेंटिग्रेडचे समजावे. पहिल्या दोन अवस्थांत २६ ते २८ अंश उष्णतामान व हवेंत शेंकडा ८५ ते ९० दमटपणा लागतो. तिसऱ्या अवस्थेंत २५-२६ अंश व शेंकडा ८०. चौथ्या अवस्थेंत २४-२५ अंश व ७० ते ७५. आणि पांचव्या, म्हणजे खादाड अवस्थेंत, २३-२४ अंश व ६५ ते ७०. तीस अंशांच्या वर गेल्यास मोठ्या अळीची प्रकृति बिघडते. वीसच्या खालीं गेल्यास तिचें खाणें मंदावतें व दिवस लांबतात. या आंकड्यांचा ओघ कोणीकडे आहे तें पाहावें. अळी लहान असतांना तिला ऊब व ओल हवी. ती जसजशी मोठी होते तसतशी तिला थंडाई, कोरडेपणा व मोकळी हवा हवी. पुष्कळांच्या हातून याच्या नेमकें उलट घडतें. सुरुवातीस उत्साह असतो, दारें-खिडक्या उघड्या असतात. पुढें अळ्या मोठ्या झाल्या, पैसा दिसूं लागला, कीं त्यांना दृष्ट लागूं नये किंवा वारा बाधूं नये म्हणून सगळें बंद करून घेण्याकडे कल होतो.

मोठ्या अळीला हवा कां लागते याचा हिशेब अगदीं सोपा आहे. शंभर अंडीपुंजांपासून सुमारें पंचेचाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. त्यांना शेवटच्या आठवड्यांत दररोज, फांद्यांचें लांकूड सोडून नुसत्या पानाचें वजन धरिलें तरी, सुमारें क्विंटलभर पाला लागतो. तुतीच्या ताज्या पानांत शेंकडा सत्तरांच्या आसपास पाणी असतें. म्हणजे आपण रोज सत्तर लिटर पाणी डोक्यावरून वाहून त्या घरांत नेऊन ओततों! त्यांतील थोडें अळीच्या अंगीं लागतें. बाकीचें तिच्या श्वासावाटे, विष्ठेवाटे व सुकणाऱ्या पानावाटे घरांतील हवेंत येतें. त्याशिवाय पन्नास हजार जीव श्वासोच्छ्वास करीत असतात, खालीं साचलेला बिछाना कुजत असतो व त्यांतून अमोनिया सुटत असतो. ही सर्व ओल व हे सर्व वायु बाहेर काढून देण्यास वाऱ्यावांचून दुसरें साधन नाहीं. सकाळीं कीटकगृहाचें दार उघडतांच नाकाला झोंबणारा वास आला, तर रात्रभर अळ्या काय सोशीत होत्या हें सांगावयास यंत्राची गरज नाहीं. नुसत्या उन्हाळ्यापेक्षां अशी कोंदट हवा अधिक पिकें बुडविते असें आमचें स्पष्ट मत आहे. कोरड्या उन्हाळ्यांत अळी अंगांतील पाण्याची वाफ करून थोडीफार निवते, कोंदट उष्णतेंत तिला तेंहि साधत नाहीं.

रॅकांतील कप्पे.— फांदी-पद्धतीनें संगोपन करणारे लोक बहुधा पांच फूट रुंदीचे, चार कप्प्यांचे लोखंडी किंवा बांबूचे रॅक करितात. दोन कप्प्यांत दोन फूट अंतर असावें, खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर तरी वर असावा, आणि वरचा कप्पा छपराच्या पत्र्याला भिडलेला नसावा. मध्यें तीन फूट मोकळें सोडणें बरें. जागा वांचविण्यासाठीं पांचवा कप्पा घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो पांचवा कप्पा म्हणजे चुलीवरचा तवा होय. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व छपराखालीं साचते. शिवाय तापलेला पत्रा खालीं उष्णता फेंकतो ती वेगळीच. त्यामुळें एकाच घरांत, एकाच वेळीं, वरच्या कप्प्याचें ऋतुमान निराळें व खालच्याचें निराळें असतें. भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलेला उष्णतामापक माणसाला कसें वाटत आहे तें सांगतो. अळीला कसें वाटतें तें जाणावयाचें तर एक उष्णतामापक वरच्या कप्प्यांत बिछान्याच्या पातळीवर व दुसरा खालच्या कप्प्यांत ठेवावा. दुपारीं तीन वाजतां व पहाटे पांच वाजतां दोहोंचे आंकडे एका वहींत लिहावे. आठ दिवसांची अशी वही हातीं असली म्हणजे आपल्या घराचा स्वभाव कळून येतो. आणि प्रत्येक घराचा स्वभाव निराळा असतो.

या फरकाचा परिणाम केवळ वरच्या अळ्यांवर होऊन थांबत नाहीं. उबेंतील अळी लवकर वाढते, म्हणून वरच्या कप्प्यांतल्या अळ्या खालच्यांच्या आधीं कातेवर बसतात. मग अर्ध्या अळ्या निजलेल्या व अर्ध्या भुकेल्या असा गोंधळ होतो. निजलेल्यांवर पाला पडतो, भुकेल्या उपाशी राहतात, आणि पुढें कोशहि मागें-पुढें होतात. लहान अळ्या ट्रेमध्यें असतात तोंपर्यंत उपाय सोपा आहे : दर खाण्याच्या वेळीं वरचे ट्रे खालीं व खालचे वर करावे. हे प्लॅस्टिकचे ट्रे एकावर एक रचून ठेविले म्हणजे ओल टिकते हें खरें, व लहान अळीस ती हवीहि असते. परंतु हवा कोंडली जाते. म्हणून प्रत्येक वेळीं पाला घालण्यापूर्वीं अर्धा तास रचलेले ट्रे मोकळे करून वरचा मेणकागद काढावा. मोठ्या अळ्या रॅकावर गेल्या म्हणजे त्यांची अदलाबदल करितां येत नाहीं. तेथें वरच्या कप्प्यांत अळ्या विरळ पसराव्या व बिछाना पातळ ठेवावा, इतकेंच हातीं राहतें. शंभर अंडीपुंजांना शेवटच्या अवस्थेंत सहाशें चौरस फुटांहून कमी जागा पुरणार नाहीं. ज्यास तितकी जागा नाहीं त्यानें पंचाहत्तरच अंडीपुंज घ्यावे. दाटीवाटीच्या शंभरापेक्षां विरळ पंचाहत्तरांचे कोश पुष्कळदां वजनास अधिक भरतात.

पहिल्या दोन अवस्था घरीं काढाव्या कीं चॉकी केंद्रांतून दुसरी कात टाकलेल्या अळ्या विकत आणाव्या, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. आमच्या मतें भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यानें विकतच आणाव्या. लहान अळीला लागणारी गरम-ओली खोली व मोठीला लागणारें गार-कोरडें घर, दोन्ही एकाच शेडमध्यें साधणें हें दोन सासवांस एकाच वेळीं खूष ठेवण्याइतकें अवघड आहे.

घर.— लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब भिंतीवर सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन पडत नाहीं. हवेच्या वाटा दोन जातीच्या लागतात. जमिनीलगत फूटभराचे झरोके व आढ्याजवळ तितकेच झरोके : या जोडीनें तापलेली हवा वर निघून जाते व तिच्या जागीं खालून गार हवा येते, वारा नसला तरीहि. परंतु ही ओढ आंत-बाहेरच्या उष्णतेच्या फरकावर व दोन झरोक्यांमधील उंचीवर चालते. बाहेरची हवा आंतल्याइतकीच गरम असली म्हणजे ती बंद पडते. तेव्हां समोरासमोरच्या खिडक्यांतून आडवा वारा लागतो. सर्व वाटांना बारीक जाळी हवीच, कारण उझी माशी आंत शिरली तर अळ्यांच्या अंगावर अंडीं घालते व पीक नासविते. पण जाळीनें वाऱ्याचा मोठा भाग अडतो हें विसरूं नये. जाळी लावावयाची असेल तर खिडकी दीडपट मोठी ठेवावी, आणि दर पंधरवड्यास जाळीवरची धूळ कुंच्यानें झाडावी. धुळीनें बुजलेली जाळी आणि भिंत यांत फारसा फरक नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत औषध फवारणी चालली असेल तर वाऱ्याच्या दिशेची खिडकी तेवढी वेळ बंद करावी. कीड मारणारें औषध आपल्या किड्यालाहि मारतें.

पंख्याविषयीं दोन शब्द. आढ्याला टांगलेला पंखा हवा ढवळतो, बदलीत नाहीं. शिवाय पाला सुकवितो. बाहेर हवा फेंकणारा पंखा एका टोकाच्या भिंतींत उंच बसवावा व समोरच्या टोकाचे खालचे झरोके उघडे ठेवावे. पंख्याजवळचीच खिडकी उघडी राहिली तर तो त्याच खिडकींतून हवा ओढून तेथेंच बाहेर टाकतो व घरभर कोंदट राहतें. आणि आमच्या भागांत पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते, हें लक्षांत घेऊन घराची रचना पंख्यावांचून चालेल अशीच असावी.

उन्हाळा.— पूर्व भोरमध्यें फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत मुख्य शत्रु छप्पर हा आहे. पत्र्यावर भाताचा पेंढा किंवा उंसाचें पाचट जाड पसरून दोरीनें बांधावें. तें न जमेल तर चुन्याचा पांढरा हात तरी द्यावा. चोहोंबाजूंनीं चार-पांच फुटांची पडवी असली तर भिंती तापत नाहींत. यानंतर ओल्या गोणपाटाचा उपाय. पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता घेते म्हणून हवा निवते, हें माठाच्या पाण्यावरून सर्वांस ठाऊक आहे. किती निवेल हें आधींच अजमावतां येतें. दोन सारखे उष्णतामापक घ्यावे, एकाच्या गोळ्याभोंवतीं पातळ सुती चिंधी गुंडाळून तिचें टोंक पाण्याच्या वाटींत सोडावें, व दोन्ही शेजारींशेजारीं टांगावे. समजा, वैशाखांतील दुपारीं कोरडा मापक ३६ अंश व ओला २२ अंश दाखवितो. म्हणजे हवेंत दमटपणा शेंकडा तीसच्या आसपास आहे, आणि ओल्या गोणपाटांतून येणारी हवा पुष्कळ खालीं, २२ च्या दिशेनें, उतरूं शकते. पण मृगाच्या तोंडाशीं, ढग जमून उकडत असतां, तोच ओला मापक २६ दाखवूं लागतो. त्या दिवशीं गोणपाट भिजवून अर्धाहि लाभ होत नाहीं. गोणपाट वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांवरच टांगावें व समोरच्या बाजूच्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या. चारही बाजूंना ओलें गोणपाट लावून आंत फवारे उडविणारे लोक आहेत. वाट बंद झाल्यावर दोन घटकांत आंतली हवा ओलीनें भरते, पाण्याची वाफ होणें थांबतें, उष्णता मात्र छपरांतून येतच राहते. उष्ण आणि ओली हवा ही दोन्ही वाईटें अशा रीतीनें आपणच एकत्र आणितों, आणि ग्रासरी रोगाला याहून अधिक कांहीं लागत नाहीं. अळी फुगून पिवळसर होणें, कप्प्याच्या कडेकडेनें भटकणें, कातडें फाटून दुधासारखा रस गळणें, हीं त्याचीं लक्षणें होत. रोग विषाणूचा आहे, पण त्यास वाट करून देतें तें उष्णतामानच. विशेषेंकरून दिवसां ताप व रात्रीं एकदम गारवा असा हेलकावा.

पावसाळा.— वेल्हे व पश्चिम भोर यांची गोष्ट याच्या उलट. येथें श्रावणांत उष्णतामान पुष्कळदां बाविस-चोविसांच्या आसपास असतें, म्हणजे मोठ्या अळीला हवें तसेंच. शेतकऱ्याला मात्र थंडी वाजते, म्हणून त्याला वाटतें अळीलाहि वाजत असेल. तो दारें लावून शेगडी पेटवितो. या एका शेगडीनें जितकें नुकसान होतें तितकें पावसानें होत नाहीं. कोळशाचा विषारी वायु कोंडतो, धुरानें पाला माखतो, आणि ऊब वाढल्यामुळें ओला बिछाना अधिकच वाफाळतो. व्हिन्चेन्झो दांदोलो या इटालियन गृहस्थानें १८१५ सालीं रेशीमकिड्यांच्या संगोपनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घरांत उष्णतामापक टांगून अग्नीचें माप ठेवावें हें युरोपांत त्यानें रूढ केलें. पण त्याच्या घरांतील अग्नि धुराड्याच्या आंत असे, आणि हवा कोंदटली म्हणजे तो धुराड्यांत काटक्या-पेंढ्याचा क्षणभर जाळ करावयास सांगे, तो ऊब आणण्यासाठीं नव्हे, तर जुनी हवा वर ओढून काढण्यासाठीं. धुराड्यावांचून शेगडी ही युक्ति नव्हे. (दुसऱ्या एका इटालियनानें, ज्युसेप्पे मुत्तीनें, १८३० नंतरच्या दशकांत पुण्याच्या आसपास तुतीची मोठी लागवड केली होती. तो उद्योग त्या वेळीं येथें टिकला नाहीं.)

पावसाळ्यांत लागतो तो कोरडेपणा. कोरडा मापक २५ व ओला २१ असेल तर दमटपणा सत्तरच्या आसपास आहे व चिंता नको. ओला साडेतेविसावर चढला कीं तो नव्वदीकडे गेला असें समजावें, आणि मस्कार्डिन या बुरशीच्या रोगास दार उघडें झालें. या रोगानें मेलेली अळी खडूसारखी पांढरी व कडक होते, आणि तिच्या अंगावरची भुकटी वाऱ्यानें सर्व कप्प्यांवर उडते. म्हणून पंखा लावण्यापूर्वीं अशा अळ्या चिमट्यानें वेंचून चुन्याच्या पाण्यांत टाकाव्या. भिजलेला पाला कधींहि तसाच घालूं नये. फांद्या पडवींत दोरीवर उभ्या टांगून पाणी निथळूं द्यावें; याकरितां एका वेळचा पाला नेहमीं पुढें तोडलेला असावा. बिछान्यावर विरलेल्या चुन्याची कोरडी भुकटी फडक्यांतून झाडावी, ती ओल शोषून घेते. पाऊस झोडपीत असतां वाऱ्याकडील खिडक्या झांकाव्या लागतात, त्या वेळीं विरुद्ध बाजूच्या व आढ्याच्या वाटा उघड्याच राहिल्या पाहिजेत; त्यासाठीं आढ्याच्या झरोक्यांवर पाऊस न शिरेल असें हातभर पाखें काढावें. इतकें करूनहि तोरण्यापलीकडे व घाटमाथ्यालगत आषाढ-श्रावणाच्या पिकाच्या भरीस पडूं नये असेंच आम्ही सांगूं. तेथें तुतीलाहि पाण्याचा निचरा होणारी उंचवट्याची जमीन लागते, आणि भात-लावणीच्या दिवसांत घरचीं माणसें खाचरांतून मोकळीं होत नाहींत. त्या बाजूस आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचीं पिकें घ्यावीं.

हिंवाळ्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सूर्य वर आला कीं खिडक्या उघडाव्या, दिवस मावळण्यापूर्वीं बंद कराव्या, आढ्याचे झरोके मात्र रात्रींहि बोटभर उघडे ठेवावे. गारठा फार असेल तर विजेची शेगडी खालच्या कप्प्याच्या बाजूस ठेवावी, कारण थंडी तेथें साचते.

कात टाकण्याच्या वेळीं नियम थोडा बदलतो. अळी मान वर करून निश्चल बसली कीं तिला अन्न नको असतें. चुना झाडून बिछाना कोरडा करावा, अंगावर सरळ झोत येणार नाहीं अशी मंद हवा ठेवावी, व उष्णतामान एकसारखें राखावें. शेंकडा नव्वदाहून अधिक अळ्या कातेंतून बाहेर आल्याशिवाय पाला घालूं नये.

शेवटीं कोश विणण्याची वेळ. येथें पुष्कळ जण काम झालें असें समजून घर बंद करितात, व तयार झालेलें रेशीम बिघडवितात. पिकलेली अळी कोश करूं लागण्यापूर्वीं अंगांतील उरलेलें मूत्र टाकते. पन्नास हजार अळ्यांचें तें पाणी एक-दोन दिवसांत चंद्रिकांवर व जमिनीवर पडतें. शिवाय रेशमाचा धागा तोंडांतून ओला निघतो व हवेवर सुकतो. हवा ओली असली तर त्यावरील डिंक नीट सुकत नाहीं, थर एकमेकांस चिकटतात, आणि कारखान्यांत कोश उलगडतांना धागा वारंवार तुटतो. घेणारा भाव पाडतो तो यासाठींच. या तीन दिवसांत २५ अंशांच्या आसपास उष्णतामान, साठ ते सत्तर दमटपणा व दोहों बाजूंचा मोकळा वारा असावा. चंद्रिका एकावर एक न रचतां तिरप्या उभ्या कराव्या व त्यांखालीं कागद पसरून तो भिजला कीं बदलावा. उजेड मंद व सर्वत्र सारखा असावा. एका बाजूस लख्ख ऊन पडलें तर अळ्या अंधाऱ्या बाजूस गर्दी करितात व दोन-दोन मिळून एकच कोश विणतात. कोश सहाव्या-सातव्या दिवशीं काढावे. आंतील किडा जिवंत असतो व श्वास घेत असतो, म्हणून बाजारास नेतांना खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्यांत ते ठासूं नयेत. विरळ विणीच्या पोत्यांत सैल भरावे, आणि जालन्याचा किंवा रामनगरचा रस्ता रात्रींच धरावा.